झोपेतील उजळणी : स्वप्ने का पडतात आणि स्मृतीशी निद्रेचे नाते काय?

बेंगळुरू : माणूस आपल्या आयुष्याचा साधारण एक तृतीयांश काळ झोपेत घालवतो. या काळात शरीर निश्चल असले तरी मेंदूचे काम थांबलेले नसते. दिवसभरात टिपलेल्या असंख्य नोंदींपैकी कोणत्या ठेवायच्या, कोणत्या पुसायच्या आणि जुन्या आठवणींशी कोणत्या जोडायच्या, याची निवड रात्री होत असते, असे गेल्या शंभर वर्षांतील संशोधनातून उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले आहे. स्वप्न हे या निवडीचे साधन आहे, तिचा केवळ पडसाद आहे, की त्याचे कार्य काही वेगळेच आहे, हा प्रश्न मात्र आजही खुला आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी, परदेशी वेळापत्रकानुसार रात्रपाळी करणारा बेंगळुरू, पुणे किंवा हैदराबादमधील कर्मचारी आणि उतारवयात विसराळूपणाने धास्तावलेली व्यक्ती या तिघांनाही हा विषय थेट भिडतो. झोप आणि मेंदू यांविषयी देशात ज्या शहरांत सातत्याने संशोधन झाले, त्यांत बेंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. त्या अनुषंगाने या विषयाचा हा आढावा.

प्राचीन चिंतनातील निद्रा

निद्रेचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. म्हणजे स्वप्नांची झोप आणि स्वप्नरहित गाढ झोप या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हा भेद त्या काळच्या चिंतकांनी केला होता. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेलाही शरीराला आधार देणाऱ्या तीन उपस्तंभांत स्थान दिले.

पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. यांत निद्रा आणि स्मृती शेजारी येतात. निद्रेला वृत्ती का मानायचे, याचे भाष्यकारांनी दिलेले उत्तर आजही विचार करायला लावणारे आहे. जाग आल्यावर माणूस ‘मी सुखाने झोपलो, मला काहीच कळले नाही’ असे सांगतो. ज्याचा अनुभवच आला नाही त्याची आठवण कशी राहील? त्याअर्थी झोपेतही चित्त काहीतरी नोंदवत असले पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे.

लोकव्यवहारानेही आपली निरीक्षणे नोंदवली आहेत. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. पहाटेच्या गोड झोपेला मराठीने ‘साखरझोप’ असे स्वतंत्र नाव दिले आणि पहाटेचे स्वप्न खरे होते, असा समजही रूढ झाला. स्वप्ने भविष्य सांगतात याला शास्त्रीय आधार नाही. तथापि पहाटेची स्वप्नेच अधिक ठळकपणे का आठवतात, याला निश्चित कारण आहे.

१९५३ : दोन घटना, दोन दिशा

निद्राशास्त्राच्या इतिहासात १९५३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत लहरींची पहिली नोंद केली होती. त्या तंत्राच्या, म्हणजे ईईजीच्या, साहाय्याने शिकागो विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी युजीन अ‍ॅसरिन्स्की यांनी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. प्रारंभीच्या नोंदींसाठी त्यांनी आपल्या लहान मुलालाच प्रयोगशाळेत झोपवले होते. रात्री ठरावीक अंतराने मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात आणि त्याच वेळी मेंदूच्या लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या दिसतात, असे त्यांना आढळले. या अवस्थेत जागे केलेल्या व्यक्ती बहुधा स्वप्न सांगत. अ‍ॅसरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. जलद नेत्रचलनाची ही निद्रा आज ‘आरईएम’ या नावाने ओळखली जाते.

त्याच वर्षी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग मोठ्या प्रमाणात काढून टाकण्यात आला. त्याचे झटके कमी झाले; परंतु नव्या घटना लक्षात ठेवण्याची क्षमता कायमची गेली. जुन्या आठवणी पुष्कळशा शाबूत होत्या, मात्र काही मिनिटांपूर्वी भेटलेली व्यक्ती त्याला अनोळखी वाटे. विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिलनर यांनी १९५७ मध्ये हे प्रकरण ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी प्रसिद्ध केले.

या प्रकरणातून पुढे एक महत्त्वाचा विचार उभा राहिला. नवी आठवण प्रथम हिप्पोकॅम्पसच्या आधाराने तयार होते आणि कालांतराने मेंदूच्या विस्तीर्ण बाह्य आवरणात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, स्थिरावते. ही स्थलांतराची क्रिया केव्हा आणि कशी घडते, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना संशोधक झोपेकडे वळले.

रात्रीची रचना

निरोगी प्रौढ माणसाची झोप सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांत विभागलेली असते. एका रात्रीत अशी चार ते पाच आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात हलकी झोप, त्यानंतर मंद आणि मोठ्या लहरींची गाढ झोप आणि शेवटी आरईएम निद्रा असा साधारण क्रम असतो. परंतु सर्व आवर्तने सारखी नसतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते, तर उत्तरार्धात आरईएम निद्रेचे टप्पे लांबत जातात. प्रौढांत आरईएम निद्रा एकूण झोपेच्या सुमारे २० ते २५ टक्के असते. नवजात अर्भकात हे प्रमाण जवळपास निम्मे असते.

साखरझोपेचे रहस्य येथे उलगडते. पहाटेच्या वेळी आरईएम निद्रा दीर्घ असते आणि जाग येण्याची वेळही जवळ आलेली असते. स्वप्न सुरू असतानाच किंवा ते संपताच जाग आली, तर ते आठवते. त्यामुळे रात्रीच्या अन्य स्वप्नांपेक्षा पहाटेची स्वप्ने मनात अधिक रेंगाळतात.

आरईएम निद्रेत आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. डोळे आणि श्वसन यांचे स्नायू वगळता शरीराचे बहुतेक स्नायू तात्पुरते शिथिल होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल झुव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून या शिथिलतेचे नियंत्रण मेंदूच्या स्तंभातून होते, हे दाखवले. मेंदू जागृतासारखा सक्रिय आणि शरीर मात्र निश्चल, या विसंगतीमुळे त्यांनी या अवस्थेला विरोधाभासी निद्रा म्हटले. स्वप्नात धावणारा माणूस प्रत्यक्षात अंथरुणातून उठून धावत नाही, तो या व्यवस्थेमुळेच.

स्वप्ने केवळ आरईएम निद्रेतच पडतात, हा प्रारंभीचा समज पुढे दुरुस्त करावा लागला. इतर टप्प्यांत जागे केलेल्या व्यक्तीही अनेकदा स्वप्न किंवा विचार सांगतात. मात्र आरईएम निद्रेतील स्वप्ने सहसा अधिक लांब, चित्रमय आणि भावनांनी भारलेली असतात.

पाठांतर आणि झोप : पहिला पुरावा

विस्मरणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेळात विसरतात, हे त्यांनी स्वतःवर तपासले. पाठांतरानंतर पहिल्या काही तासांत विस्मरण सर्वाधिक होते आणि नंतर त्याचा वेग मंदावतो, असे त्यांना दिसले.

कॉर्नेल विद्यापीठातील जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी १९२४ मध्ये याच पद्धतीत झोपेची भर घातली. दोन विद्यार्थ्यांना असेच अक्षरगट पाठ करण्यास सांगण्यात आले. पाठांतरानंतर कधी त्यांना जागे ठेवले, तर कधी झोपू दिले. तेवढाच काळ गेल्यानंतर तपासले असता झोपेनंतर लक्षात राहिलेले अक्षरगट अधिक होते. झोपेत नवी माहिती आत येत नसल्याने जुन्या नोंदी विस्कळीत होत नाहीत, असा अर्थ त्यांनी लावला. त्या काळी झोपेकडे आठवणींचे रक्षण करणारी एक निष्क्रिय अवस्था म्हणून पाहिले गेले.

सत्तर वर्षांनी ही समजूत बदलली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना विद्यापीठात मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील ‘स्थानपेशीं’च्या हालचाली टिपल्या. विशिष्ट जागी पोहोचल्यावर विशिष्ट पेशी सक्रिय होतात, या मूळ शोधासाठी जॉन ओकीफ यांना पुढे २०१४ चे नोबेल पारितोषिक मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांच्यासह मिळाले. जागेपणी वाट चालताना ज्या पेशी एकत्र सक्रिय झाल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या गाढ झोपेतही एकत्र सक्रिय होतात, असे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवले. दिवसा चाललेल्या वाटेची उंदराचा मेंदू रात्री जणू उजळणी करत होता.

ही उजळणी आठवणीला खरोखरच उपयोगी पडते का, याची तपासणी माणसांवर झाली. जर्मनीतील ब्यॉर्न राश, यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक कल्पक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींनी पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवताना त्यांना गुलाबाचा गंध दिला गेला. रात्री गाढ झोपेत तोच गंध पुन्हा दिल्यावर सकाळी त्यांना त्या जागा अधिक अचूक आठवल्या. आरईएम निद्रेत गंध दिल्यास असा लाभ दिसला नाही. गंधाने झोपमोड झाली नव्हती. तरीही त्याने संबंधित आठवणीला चालना दिली होती. झोप ही केवळ संरक्षक नसून आठवणींवर सक्रियपणे काम करते, या मताला यामुळे बळ मिळाले.

ठेवणे, छाटणे आणि जोडणे

या कामाचे आज तीन पैलू सांगितले जातात. पहिला पैलू दृढीकरणाचा. गाढ झोपेत कॉर्टेक्समधील मंद लहरी, त्यांवर आरूढ होणाऱ्या जलद लहरींचे झुबके आणि हिप्पोकॅम्पसमधील अतिजलद कंपने यांचा मेळ बसतो आणि त्या समन्वयातून नव्या नोंदी कॉर्टेक्समध्ये रुजतात, असे मानले जाते.

दुसरा पैलू छाटणीचा. जुलिओ टोनोनी आणि कियारा चिरेली यांनी २००३ पासून मांडलेल्या सिद्धांतानुसार दिवसभर शिकताना चेतापेशींमधील जोडण्या, म्हणजे चेतासंधी, बळकट होत जातात. अशी वाढ अमर्याद चालू राहिली, तर मेंदूची ऊर्जा आणि जागा दोन्ही अपुरी पडतील. म्हणून झोपेत बहुतेक जोडण्या काहीशा सैल होतात. ठळक तेवढ्या टिकतात. दुसऱ्या दिवशी नवे शिकण्यासाठी मेंदूत पुन्हा वाव तयार होतो. विसरणे हेही स्मरणाचेच एक अंग आहे, असा याचा आशय.

तिसरा पैलू जोडणीचा. जर्मनीतील ल्यूबेक विद्यापीठाच्या उलरिश वाग्नर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सहभागींना अंकांचे एक कोडे दिले. त्यात उत्तर झटपट काढून देणारा एक छुपा नियम होता. सराव झाल्यावर रात्रभर झोपलेल्या २२ जणांपैकी १३ जणांना तो नियम सापडला. तेवढाच काळ जागे राहिलेल्या २२ जणांच्या दोन गटांत मात्र प्रत्येकी केवळ पाच जणांना तो उमगला. झोप शिकलेले टिकवते. त्याचबरोबर त्याची नवी मांडणी करून देते, असे या प्रयोगाने सूचित केले.

मग स्वप्न कशासाठी?

झोप आणि स्मृती यांचा संबंध जितका पक्का होत गेला, तितके स्वप्नांचे प्रयोजन निश्चित झालेले नाही. या संदर्भात पाच प्रमुख विचार मांडले जातात.

सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या १९०० सालच्या ग्रंथात स्वप्नांना दडपलेल्या इच्छांची आडवळणाने होणारी पूर्ती म्हटले. या मताचा साहित्य आणि कलांवर मोठा प्रभाव पडला. परंतु प्रयोगाने ते पडताळणे कठीण ठरले. १९७७ मध्ये हार्वर्डमधील अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅककार्ली यांनी अगदी उलट भूमिका घेतली. त्यांच्या मते मेंदूच्या स्तंभातून उठणारे विस्कळीत संदेश कॉर्टेक्सपर्यंत पोहोचतात आणि कॉर्टेक्स त्यांची शक्य तशी कथा जुळवते. ती कथा म्हणजे स्वप्न. डीएनएच्या रचनेचे एक शोधकर्ते फ्रान्सिस क्रिक यांनी ग्रॅम मिचिसन यांच्यासह १९८३ मध्ये असे सुचवले की, आरईएम निद्रेत मेंदू निरुपयोगी आणि चुकीच्या जोडण्या काढून टाकतो, म्हणजे आपण विसरण्यासाठी स्वप्ने पाहतो.

फिनलंडमधील अँटी रेव्होन्सुओ यांनी २००० मध्ये उत्क्रांतीचा आधार घेतला. पाठलाग, पडणे, हल्ला यांची स्वप्ने जगभर पडतात, कारण संकटाचा सराव सुरक्षित ठिकाणी करून घेण्याची ती एक पद्धत असावी, असे ते म्हणतात. २०२१ मध्ये एरिक होएल यांनी संगणकीय शिक्षणाशी तुलना केली. एकाच प्रकारच्या उदाहरणांवर सराव केलेली यंत्रणा त्यांतच अडकून पडते. स्वप्नांतील विचित्रपणा मेंदूला रोजच्या ठराविक अनुभवांच्या चाकोरीतून बाहेर काढत असावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

स्वप्न आणि स्मृती यांच्यातील दुव्याचा एक लक्षवेधी पुरावा हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या २००० मधील अभ्यासातून मिळाला. सहभागींना ‘टेट्रिस’ हा संगणकीय खेळ खेळण्यास दिला गेला. झोप लागताना अनेकांना वरून पडणारे तुकडे दिसले. सहभागींमध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेले पाच स्मृतिभ्रंशाचे रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो आहोत, हे त्यांना आठवत नव्हते; तरीही त्यांच्यापैकी तिघांनी झोप लागताना तीच चित्रे दिसल्याचे सांगितले. जाणिवेला जे आठवत नाही, त्याचाही ठसा मेंदूत उरतो आणि झोपेच्या उंबरठ्यावर तो वर येतो.

त्याच प्रयोगशाळेतील एरिन वॉम्स्ली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. संगणकावरील भूलभुलैयातून वाट शोधण्याचा सराव झाल्यावर काही सहभागींनी डुलकी घेतली. ज्यांच्या स्वप्नात त्या भूलभुलैयाशी संबंधित काही आले, त्यांची नंतरची प्रगती इतरांपेक्षा बरीच अधिक होती. मात्र अशा व्यक्ती मोजक्याच होत्या. शिवाय स्वप्नामुळे शिकणे सुधारले, की सखोल शिकणे सुरू असल्यामुळे स्वप्न पडले, हे यावरून ठरत नाही.

पाहिलेले स्वप्न विरून का जाते?

बहुतेक स्वप्ने जाग आल्यावर काही मिनिटांत पुसली जातात. आरईएम निद्रेत नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाचे प्रमाण अत्यंत कमी असते. नवी आठवण पक्की करण्यास हे रसायन साह्य करते. त्यामुळे स्वप्नाची नोंद कच्चीच राहते. जपानमधील संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील काही विशिष्ट चेतापेशी आरईएम निद्रेत सक्रिय होऊन विस्मरणाला हातभार लावतात, असे दाखवले.

ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ ओटो लोवी यांना याचा प्रत्यय १९२१ मध्ये आला. चेतापेशी रसायनाद्वारे संदेश देतात का, हे तपासण्याचा प्रयोग त्यांना रात्री सुचला. त्यांनी अर्धवट झोपेत टिपण केले. सकाळी मात्र स्वतःचे अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा सुचताच ते थेट प्रयोगशाळेत गेले आणि बेडकाच्या हृदयावर तो प्रयोग केला. या संशोधनासाठी त्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. स्वप्न आठवायचे असेल, तर जाग येताच हालचाल न करता ते मनात घोळवावे आणि लगेच लिहून ठेवावे, असे संशोधक सुचवतात.

बेंगळुरूतील संशोधन

बेंगळुरूतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था, अर्थात ‘निम्हान्स’, १९७४ मध्ये तत्कालीन मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तेथील मेंदू संग्रहालय सर्वसामान्यांसाठीही खुले असते.

निम्हान्सच्या चेताशरीरक्रियाविज्ञान विभागात बिंदू कुट्टी आणि सहकाऱ्यांनी ध्यानसाधकांच्या झोपेचा अभ्यास केला. वयाच्या तिशीनंतर गाढ झोपेचे प्रमाण सर्वसाधारणपणे घटत जाते. दीर्घकाळ विपश्यना किंवा सुदर्शन क्रिया करणाऱ्या मध्यमवयीन व्यक्तींमध्ये, ध्यान न करणाऱ्या समवयस्कांच्या तुलनेत, गाढ झोप अधिक टिकून असल्याचे या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. २०१० मधील पुढील अभ्यासात विपश्यना साधकांच्या विविध वयोगटांत गाढ झोप आणि आरईएम निद्रा या दोन्हींचे प्रमाण अधिक आढळले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे विपश्यना मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. तथापि या अभ्यासांत साधक आणि इतर यांची तुलना होती. साधकांची दिनचर्या, आहार, स्वभाव यांचा वाटाही त्यात असू शकतो. त्यामुळे ध्यान हेच एकमेव कारण, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

ताण आणि स्मृती यांच्या संबंधांवर शहरातील दोन संस्थांनी मिळून काम केले आहे. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र अर्थात एनसीबीएसमधील सुमंत्र चटर्जी आणि निम्हान्समधील बी. एस. शंकरनारायण राव यांच्या गटाने २००२ मध्ये असे दाखवले की, दीर्घकाळच्या ताणाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडतात, तर भीतीशी निगडित अमिग्डालामध्ये त्या वाढतात. ताणाखाली अभ्यास लक्षात राहत नाही, भीतीचा प्रसंग मात्र विसरता येत नाही, या सार्वत्रिक अनुभवाशी हे निरीक्षण जुळते. आघातानंतर वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांचा विचार करतानाही अमिग्डालाची भूमिका महत्त्वाची मानली जाते.

एनसीबीएसमधील उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये उंदीर नवा संबंध शिकत असताना हिप्पोकॅम्पसमधील पेशी कशा क्रमबद्ध होत जातात, याचे चित्रण प्रसिद्ध केले. आधी ध्वनी, मग क्षणभर शांतता आणि नंतर डोळ्यावर हवेचा झोत, असा तो धडा होता. शिकणे पूर्ण होताना त्या मधल्या अंतरात पेशींची ठरावीक क्रमाने सक्रियता दिसू लागली. झोपेतील उजळणीचे अभ्यास पेशींच्या अशाच क्रमांचा माग घेत असल्याने जागेपणी ते कसे घडतात, हे समजणे आवश्यक ठरते.

जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात शीबा वासू यांचा गट फळमाशीतील जैविक घड्याळ आणि झोप यांवर काम करतो. झोप हिरावून घेतलेल्या मादी माश्यांनी कमी अंडी घातल्याचे या गटाने २०१८ मध्ये नोंदवले. एवढ्याशा कीटकालाही झोपेवाचून किंमत मोजावी लागते, यावरून झोप ही चैन नसून सजीवांची मूलभूत गरज आहे, हे दिसते.

विद्यार्थी, रात्रपाळी आणि न्यायालय

या संशोधनाचा रोजच्या जीवनाशी संबंध सरळ आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास दुहेरी तोट्याचा ठरतो. दिवसभर शिकलेले पक्के होण्याची संधी जाते आणि थकलेला हिप्पोकॅम्पस नव्या नोंदीही नीट घेत नाही. रात्री उशिरापर्यंत वाचून पहाटे लवकर उठणारा विद्यार्थी झोपेचे मोजकेच तास गमावतो. परंतु ते तास आरईएम निद्रेने सर्वाधिक समृद्ध असतात. प्रौढांना किमान सात तास आणि किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली जाते. दुपारची अल्प वामकुक्षीही स्मरणाला पूरक ठरू शकते, असे प्रयोगांत आढळले आहे. ती लांबल्यास मात्र रात्रीची झोप बिघडते.

रात्रपाळीत अडचण निराळी असते. दिवसा झोपायला वेळ मिळाला, तरी शरीराचे घड्याळ सूर्यप्रकाशाशी बांधलेले असल्याने झोप तुटक आणि अपुरी होते. अंधारी आणि शांत खोली, झोपेच्या ठरावीक वेळा आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळणे यांनी हा त्रास काही अंशी कमी होतो. पाळ्या दर आठवड्याला बदलत राहिल्यास शरीराला कोणत्याच वेळापत्रकाशी जुळवून घेता येत नाही.

झोपेचा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये झोपेला जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. मंजुषा देशपांडे यांच्या खंडपीठाने १५ एप्रिल २०२४ रोजी ६४ वर्षांच्या एका व्यक्तीच्या रात्रभर चाललेल्या चौकशीविषयी नापसंती व्यक्त केली. अटकेला आव्हान देणारी याचिका न्यायालयाने फेटाळली. परंतु झोप ही माणसाची मूलभूत गरज असून तिच्या अभावाने मानसिक क्षमता आणि आकलनशक्ती यांवर परिणाम होतो, असे स्पष्ट केले आणि जबाब योग्य वेळेत नोंदवण्याची अपेक्षा व्यक्त केली. स्मृतीवर विसंबणाऱ्या न्यायप्रक्रियेत झोपेचे महत्त्व यातून अधोरेखित झाले.

सल्ला केव्हा घ्यावा?

काही लक्षणांकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा पेंगुळणे ही झोपेतील श्वासावरोधाची लक्षणे असू शकतात. या विकारात झोप रात्रभर तुटत राहते आणि विसराळूपणा वाढतो. वाढत्या वयाचा परिणाम समजून सोडून दिलेला हा विसराळूपणा उपचारांनी कमी होऊ शकतो.

उतारवयात एखादी व्यक्ती स्वप्नातील कृती प्रत्यक्ष करू लागली, म्हणजे झोपेत ओरडणे, लाथा मारणे, पलंगावरून पडणे असे घडू लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आरईएम निद्रेतील स्नायूंची शिथिलता नाहीशी झाल्याने हे घडते. हा विकार १९८६ मध्ये अमेरिकेत प्रथम सविस्तर वर्णिला गेला. तो झालेल्या अनेकांत पुढील काही वर्षांत पार्किन्सन किंवा त्यासारखे आजार दिसून येतात. तो लवकर ओळखला गेल्यास रुग्णाला इजेपासून वाचवता येते आणि पुढील लक्षणांवर लक्ष ठेवता येते. दीर्घकाळ झोप न लागणे किंवा वारंवार दुःस्वप्ने पडणे यांबाबत केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या दूरध्वनी सेवेवर विविध भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे प्रमुख केंद्र निम्हान्स हेच आहे.

सारांश

झोप स्मृतीला पक्के करते, अनावश्यक ते गाळते आणि उरलेल्याची नवी जुळणी करते, याबाबत आज संशोधकांत व्यापक सहमती आहे. स्वप्न हे या कामाचे कारण की परिणाम, याबाबत मात्र ती नाही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीतील निरीक्षण प्रयोगशाळेच्या कसोटीवर बऱ्याच अंशी टिकले आहे. त्यात एवढीच भर घालता येते की, मनात आहे हे आपल्याला ठाऊकही नसलेले पुष्कळ काही स्वप्नात दिसू शकते; आणि जे मनात राहावे असे वाटते, त्याला रात्रीची पुरेशी झोप मिळावी लागते.